नकाशात नसलेली नळी

ड्रिलच्या टोळीत तिला सगळे वहिनी म्हणत, कारण मशीन चालवणारा दादा तिचा नवरा होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तो कामासाठी गावोगाव फिरायचा आणि ती घरी वाट बघायची. मग एकदा रिसीव्हर धरणारा माणूस नोकरी सोडून गेला, दुसरा मिळेना, तेव्हा ती म्हणाली, "मी धरते की. त्यात काय एवढं?" तेव्हापासून दोघं बरोबरच फिरत होते. मुलगा शाळेसाठी नणंदेकडे राहायचा. ही दोघं जिथं काम असेल तिथं दोन खोल्या भाड्यानं घ्यायची, आणि काम पुढं सरकलं की बिऱ्हाडही पुढं सरकायचं.

काम होतं फायबरचं. त्या सगळ्या भागातल्या लहान शहरांना आणि मधल्या गावांना इंटरनेटची केबल पोचवायची होती, आणि तीही रस्ते न उखडता. गल्लीच्या एका टोकाला खड्डा करून तिथं दादाचं मशीन लागायचं. ते एकाला एक जोडलेले लोखंडी रॉड जमिनीखालून आडवे ढकलत न्यायचं आणि दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात बाहेर काढायचं. मग त्याच भोकातून नारंगी पाइप मागं ओढायचा, की केबलची वाट तयार. जमिनीखाली रॉडचं टोक कुठं आहे हे दादाला बसल्या जागी कळत नसे. टोकात एक छोटं यंत्र असे, त्याचा संदेश वहिनीच्या हातातल्या रिसीव्हरवर यायचा. ती फुटपाथवरून टोकाच्या डोक्यावर राहून चालायची आणि वॉकी-टॉकीवर सांगायची, "जरा डावीकडे. खोल जातोय, वर घे. हां, सरळ." दादा दूर मशीनवर बसून ती म्हणेल तसं करायचा.

"घरात माझं एक ऐकत नाहीत," ती टोळीतल्या माणसांना म्हणायची, "पण इथं शब्दाबाहेर जायची टाप नाही."

त्या दिवशी सकाळी ते एका जुन्या वस्तीतल्या गल्लीत होते. दोन्ही बाजूंना एकमजली घरं, पुढं हातभर बाग, बुटकी भिंत आणि लोखंडी फाटक. कामाच्या आधी वहिनीनं नेहमीसारखी गल्ली तपासली होती. पाणी, वीज आणि गॅस कुठून जातात त्याचे नकाशे मुकादमानं आणून दिले होते. ते बघून आणि जमिनीखालचं शोधणारं यंत्र फिरवून तिनं रस्त्यावर रंगाच्या खुणा केल्या होत्या. गॅसची पिवळी रेघ पलीकडच्या बाजूला होती. अलीकडचा फुटपाथ स्वच्छ होता.

निम्मी गल्ली झाली असेल. वहिनी एका हिरव्या फाटकासमोर पोचली आणि रिसीव्हरवरचा आकडा किंचित हलला. टोक कशाला तरी अडून पुढं सरकल्यासारखं. दगड असेल, असं तिला वाटलं. पण लगेच फुटपाथच्या फरश्यांमधून चिखलाचे बुडबुडे वर यायला लागले. ड्रिलबरोबर आत सोडलेला राखाडी चिखल कधी कधी असा वर येतो, त्याचं तिला नवल नव्हतं. नवल वाटलं ते आवाजाचं. कुणीतरी दात आवळून श्वास सोडत राहावा, तसा तो आवाज येत होता. थांबतच नव्हता.

आणि मग वास आला.

"बंद!" ती वॉकी-टॉकीत ओरडली. "मशीन बंद कर! गॅस आहे!"

दुसऱ्या क्षणी दूरवरचा मशीनचा घरघराट थांबला. "काय? कुठं?" दादाचा आवाज आला. "अगं, काय झालं?"

ती उत्तर द्यायला बटण दाबणार, तेवढ्यात तिचा अंगठा जागच्या जागी थिजला. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीनं सगळ्यांना एका खोलीत बसवून सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं. निम्मे लोक पेंगत होते. त्यातली एक गोष्ट आत्ता तिच्या डोक्यात धाडकन उभी राहिली: गॅस सुटला की बटण नाही, स्विच नाही, फोन नाही, बेल नाही, गाडीची चावी नाही. एवढीशी ठिणगी पुरते. आणि तिच्या एका हातात वॉकी-टॉकी, दुसऱ्या हातात बॅटरीवर चालणारा रिसीव्हर, आणि पायाखाली बुडबुडे.

ती उलट पावली मागं गेली, वारा तोंडावर येईल अशा बाजूला, बरीच दूर. एका भिंतीवर दोन्ही वस्तू अलगद ठेवल्या, जणू त्या निजलेल्या होत्या. वॉकी-टॉकीतून दादा विचारतच होता, "ऐकतेयस ना? अगं बोल ना काहीतरी!" तिला बोलता येत नव्हतं. इतकी वर्षं कामाच्या वेळी त्याचा आवाज तिच्या कानाशी असायचा. आता तो भिंतीवर राहिला आणि ती पुन्हा हिरव्या फाटकाकडे पळाली.

का पळाली, हे नंतर तिला सांगता येईना. पाय दुसऱ्या दिशेला जायला बघत होते, एवढं तिला आठवतं.

वाटेतल्या घरांची दारं तिनं मुठीनं बडवली. "बाहेर या! गॅस फुटलाय! काही चालू करू नका, काही बंद करू नका, नुसतं बाहेर या!" लोक आले. कुणी ओल्या हातांनी, कुणी एका पायात चप्पल घालून. एक गृहस्थ आधी खिशातून गाडीची किल्ली काढत फाटकाबाहेर आले. "गाडी जरा लांब नेऊन लावतो," ते म्हणाले.

"किल्ली खिशात ठेवा!"

"अहो नवी गाडी आहे—"

"काका, किल्ली खिशात!" तिचा आवाज असा फाटला की त्यांनी किल्ली ठेवलीच, वर खिसा हातानं दाबून धरला, आणि गल्लीच्या तोंडाकडे धावत सुटले. तिकडून मुकादम येताना दिसला. त्यानं हात वर करून लोकांना आपल्याकडे वळवायला सुरुवात केली. त्यानं अग्निशमनवाल्यांना फोन लांब जाऊन केला असावा, कारण तो खुणेनं सांगत होता, येताहेत, येताहेत.

हिरव्या फाटकाच्या घराचं दार मात्र उघडलं नाही. वहिनीनं दोन्ही हातांनी दार बडवलं. पायरीजवळच्या गटाराच्या झाकणातून वास भपकन वर येत होता, फुटपाथवर होता त्याहून उग्र. म्हणजे गॅस जमिनीखालून या घराकडे चालला होता.

शेजारची बाई आपल्या फाटकातून धावत आली. "तिला ऐकू नाही येत हो! दार वाजवून काय उपयोग? कपडे शिवते ती, मागच्या खोलीत असते. बेल दाबली की आत दिवा लागतो, मग येते." आणि बोलता बोलता तिनं दाराशेजारच्या बटणाकडे हात नेलासुद्धा.

वहिनीनं तिचं मनगट धरलं. बोट बटणापासून पेरभर लांब होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेजारणीला हळूहळू उमगलं. तिनं हात मागं घेतला.

"तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "पळू नका, पण जा. मी बघते."

"तुम्ही एकट्या?"

"जा म्हणते ना!"

ती घराच्या बाजूनं मागं गेली. मागच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती. आत भिंतीला लागून शिलाई मशीन, हँगरला अडकवलेले कपडे, आणि एका लांब मेजापाशी खिडकीकडे पाठ करून उभी असलेली साठीची बाई. अंगात झालर लावलेला एप्रन, गळ्यात टेप. ती एका पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती.

इस्त्रीवरचा लाल दिवा लागलेला होता. वहिनी बघत असतानाच तो टक् करून विझला. थोड्या वेळानं पुन्हा टक् करून लागला.

घरची इस्त्री तिच्या डोळ्यांसमोर आली. असा टक् आवाज होतो तेव्हा आत बारीकशी निळी चमक दिसते, हे तिनं एकदा अंधारात पाहिलं होतं. इथं दर टक्-ला तीच चमक होत असणार. बाईला तो आवाज ऐकू येत नव्हता. वहिनीला येत होता.

हाका मारून उपयोग नव्हता. हात हलवून उपयोग नव्हता, बाईची पाठ होती. वहिनीनं इकडंतिकडं पाहिलं. दगड मारवेना. तिच्या बुटांना आणि पँटला ड्रिलचा चिखल चिकटलेला होता. तिनं तो ओरबाडून मुठीत गोळा केला आणि खिडकीतून फेकला.

चिखलाचा गोळा बाईच्या खांद्याला लागून फुटला आणि पांढऱ्या कोटावर पसरला.

बाई वळली. आधी दचकली, मग कोटाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा संताप आला की वहिनी एक पाऊल मागं सरली. वहिनीनं दोन्ही हातांनी बाहेर या, बाहेर या अशा खुणा केल्या. बाईला त्या कळल्या. पण चाळीस वर्षं इस्त्री केलेली बाई ती. बाहेर जायचं म्हणजे आधी इस्त्री बंद करायची. तिनं हात भिंतीवरच्या स्विचकडे नेला.

"नको!" वहिनी किंचाळली. ऐकणारं कुणी नव्हतं.

तिला कळायच्या आत ती खिडकीवर चढली होती. गुडघा चौकटीला घासला, आत उतरली, दोन ढांगांत पोचली आणि तिनं बाईचा हात स्विचपासून ओढून घेतला. आता दोघी समोरासमोर होत्या. बाई घशातून काहीतरी ओरडत होती. वहिनीनं आपलं तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि आवाज न काढता, ओठ मोठे करून म्हटलं: गॅस.

बाई थबकली. तिला सर्दी असावी, नाक लाल होतं. तिनं जोरानं श्वास ओढला. एकदा, मग पुन्हा. मग तिचा सगळा राग चेहऱ्यावरून उतरून गेला आणि खाली नुसती भीती राहिली.

टक्. दिवा विझला.

वहिनीनं तिच्या हाताला धरून चालायला सुरुवात केली. पळायची छाती होत नव्हती. धक्का लागून काही पडेल, काही घासेल, असं वाटत होतं. खोलीतून पॅसेज, पॅसेजमधून पुढची खोली. मागं पुन्हा टक् झालं. प्रत्येक टक्-ला तिचे खांदे आपोआप कानांपर्यंत जात होते. पुढच्या दाराची कडी लोखंडी होती आणि घट्ट बसलेली. ती ओढायची तिला भीती वाटली. बाईनं तिला बाजूला केलं, दार पोटानं दाबून धरलं आणि कडी इतक्या हळू सरकवली की आवाजसुद्धा झाला नाही. त्या दाराची खोड तिलाच ठाऊक.

बाहेर आल्यावर मात्र दोघी पळाल्या.

गल्लीच्या तोंडाशी, बऱ्याच अंतरावर, सगळी वस्ती जमली होती. लोकांनी त्यांना धरून आत घेतलं. शेजारणीनं शिवणकामवाल्या मावशींना मिठी मारली. वहिनी मात्र माणसांमधून वाट काढत एकेक तोंड बघत होती. गाडीवाले काका होते. टोळीतले दोघं होते. मुकादम होता.

"दादा कुठंय?"

मुकादमानं मागच्या बोळाकडे पाहिलं.

"अहो, दादा कुठंय?"

"तुला शोधायला गेला," मुकादम म्हणाला. "मी अडवला त्याला. ऐकेचना. तुझा आवाज बंद झाला तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मागच्या बोळातून गेलाय."

ती वळली, पण मुकादमानं तिला दोन्ही दंडांना धरलं. तो आडदांड माणूस होता, तरी त्याचे हात थरथरत होते. "आता तू नाही जायचं," तो म्हणाला. "तू जाशील, मग तो तुला शोधायला परत जाईल. हे असं किती वेळ चालणार?"

ती उभी राहिली. समोर रिकामी गल्ली होती. ऊन पडलेलं, बागांतली फुलं हलताहेत, कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळताहेत. कुठं काही झाल्याची खूण नाही. घरात त्या बाईची इस्त्री एकटीच लागत होती, विझत होती. वहिनी मनात म्हणत होती, आत्ता होईल. आता होईल. दर श्वासाला.

दादा बोळाच्या तोंडाशी दिसला तेव्हा तो चालत होता, पळत नव्हता. त्यानं भिंतीवर तिचा रिसीव्हर आणि वॉकी-टॉकी पाहिली होती, आणि ती कुठंच नव्हती. तो बुडबुड्यांपर्यंत गेला होता. फुटपाथ खचला असेल, ती आत गेली असेल असं त्याला वाटलं होतं.

तिला बघून तो आधी थांबला. मग जवळ आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "कुठं तडफडली होतीस? तोंडानं सांगता येत नव्हतं?" तो फुटपाथच्या कडेला बसला आणि त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पँटचं टोक मुठीत धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

अग्निशमनवाले आले, गॅसवाले आले. विजेच्या माणसांनी खांबावरून सगळ्या गल्लीची वीज तोडली. एक जवान वास मोजायचं यंत्र घेऊन हिरव्या फाटकातून आत गेला. तो गेला त्याहून लवकर बाहेर आला, आणि त्यानं आपल्या साहेबांना काहीतरी सांगितलं. त्यावर साहेबांनी जमलेल्या लोकांना आणखी एक चौक मागं हटवलं. तो काय म्हणाला ते वहिनीनं विचारलं नाही. तिला ऐकायचंच नव्हतं.

दुपार कलल्यावर गॅस बंद झाला. घरं उघडी टाकून वारा खेळू दिला आणि लोकांना परत सोडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, वहिनीचा गुडघा सोडला तर. शिवणकामवाल्या मावशी घरात गेल्या आणि कोट घेऊन बाहेर आल्या. एका बाजूला राखाडी चिखल वाळला होता, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता. त्यांनी तो वहिनीसमोर धरून दोन्ही डाग बोटानं दाखवले आणि भुवया उंचावल्या, आता गिऱ्हाइकाला काय सांगू? वहिनीला हसू आलं. ते हसता हसता कधी हुंदके झाले कळलं नाही. मावशींनी कोट खांद्यावर टाकला आणि तिचा गुडघा धुवायला तिला नळावर नेलं.

संध्याकाळी तिनं नणंदेकडे फोन केला. सांगायचं होतं बरंच, पण मुलानंच आधी सुरुवात केली. तो आपला विचारत होता, "आई, आपल्याकडे कधी येणार गं फायबर? इथं नेट इतकं रडतंय!" ती म्हणाली, "येईल, येईल," आणि फोन दादाकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मुकादम त्यांच्या खोलीवर आला. खुर्चीच्या टोकावर बसला. "चौकशी झाली," तो म्हणाला. "तुझी चूक नाही, वहिनी. कुणीतरी फार पूर्वी त्या घराला गॅसची नवी नळी टाकली होती, प्लास्टिकची. नकाशावर चढवलीच नाही. प्लास्टिक म्हणजे तुझ्या यंत्रालाही दिसणार नाही. तू सगळं बरोबर केलंस."

हे ऐकून तिला हायसं वाटेल असं त्याला वाटलं होतं. दादालाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "ऐकलंस ना? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

वहिनीला मात्र हायसं वाटलं नाही. रात्रभर ती मनात चूक शोधत होती. कुठं घाई केली, कुठं आकडा नीट वाचला नाही. चूक असती तर पुढच्या वेळी ती टाळता आली असती. आता हा माणूस सांगत होता की सगळं बरोबर करूनही असं होतं. म्हणजे पुढच्या गल्लीत, त्याच्या पुढच्या गल्लीत, पुढच्या सगळ्या गावांत सगळं बरोबर करूनच चालायचं, आणि पायाखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

"मी नाही चालणार," ती म्हणाली.

"दोन दिवस आराम कर—"

"दोन दिवसांनी ती नळी दिसायला लागणार आहे का?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा समजूत घालणार. पण तो म्हणाला, "आज सकाळी मशीनची किल्ली हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. मला वाटलं, तुला सांगू नये."

मग वहिनीच म्हणाली, "हातानं खणू या. प्रत्येक घरासमोर एक खड्डा, आमच्या रॉडच्या खोलीपर्यंत, फावड्यानं. डोळ्यांनी बघू. मगच ड्रिल."

"प्रत्येक घरासमोर?" मुकादमानं कपाळाला हात लावला. "अगं, वर्ष जाईल. महिनाअखेरीला हा भाग चालू करायचाय. वरचे लोक मला उभं चिरतील."

"मग त्यांना रिसीव्हर घेऊन चालू दे पुढं."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. त्याच्या हातांची कालची थरथर अजून पूर्ण थांबली नव्हती. त्यानं तिचे दंड धरले होते तेव्हा तिला ती जाणवली होती, आणि तिला जाणवली होती हे त्यालाही माहीत होतं. "बघतो," तो म्हणाला. आणि खरंच दोन दिवस वरच्यांशी भांडून त्यानं आणखी माणसं मिळवली.

काम पुन्हा सुरू झालं ते शेजारच्या गल्लीत. मशीन झाकून ठेवलेलं होतं. फक्त फावडी चालली होती. पहिल्या खड्ड्यात काही नव्हतं. दुसऱ्यात जुनं मूळ निघालं. वहिनीला वाटायला लागलं, आपण उगाच घाबरून सगळ्यांना राबवतोय. टोळीतले दोघं घाम पुसत तिच्याकडे बघत होते, तेही हेच म्हणत असावेत.

नंतरच्या एका खड्ड्यात खणणारा एकदम थांबला आणि फावडं हळूच बाजूला ठेवून म्हणाला, "वहिनी, इकडं या."

ती खड्ड्यात उतरली. बोटांनी माती सारली. मातीत पिवळं काहीतरी चमकलं. तिनं आणखी माती काढली. पिवळी प्लास्टिकची नळी, मनगटाएवढी, फुटपाथखालून सरळ घराकडे गेलेली, आणि बरोबर त्याच खोलीवर जिथून त्यांचा रॉड जाणार होता. नकाशावर इथं काही नव्हतं. फुटपाथवर तिची एकही खूण नव्हती. सकाळीच तिनं यंत्र फिरवून हा फुटपाथ मोकळा म्हणून सांगितला होता.

वर खड्ड्याच्या कडेला दादा आणि मुकादम वाकून बघत होते.

घराचं दार उघडलं. एक बाई कडेवर मूल घेऊन पायरीवर आली. "इंटरनेटवाले ना तुम्ही?" तिनं हौसेनं विचारलं. "किती दिवस लागतील हो अजून?"

वहिनीनं नळीवरचा हात काढला नाही.

"लागतील," ती म्हणाली. "बरेच लागतील." आणि मग खणणाऱ्याकडे वळून, "ही पूर्ण मोकळी करा. मग पुढच्या दारासमोर."